विश्लेषण : आरसी कारचे स्क्रू वारंवार ‘स्लिप’ का होतात? घरच्या घरी दुरुस्ती करताना कोणती काळजी घ्यावी?

काही हजार रुपयांपासून लाखाच्या घरात किंमत असलेली रिमोट कंट्रोलवरची गाडी पाच-दहा रुपयांच्या एका स्क्रूमुळे कपाटात पडून राहते, असा अनुभव हा छंद असलेल्या अनेक घरांत येतो. गिअर बदलण्यासाठी गाडी उघडायला घ्यावी, दहा स्क्रू सहज निघावेत आणि अकराव्यात ॲलन की नुसतीच गरगर फिरावी. मग पक्कड, हातोडी, ड्रिल असे प्रयोग सुरू होतात आणि स्क्रूसोबत आजूबाजूचा भागही निकामी होतो. समुद्र, खाडी आणि चार महिन्यांचा मुसळधार पाऊस लाभलेल्या नवी मुंबईत तर गंजामुळे हा त्रास वाढतो. हे टाळता येते. त्यासाठी महागड्या हत्यारांपेक्षा मापाची ओळख अधिक उपयोगी पडते.

आरसी कार वारंवार उघडावी का लागते?

रिमोटच्या गाड्या दोन प्रकारच्या असतात. एक, खेळण्यांच्या दुकानात मिळणारी. ती बिघडली की बहुधा दुरुस्त होत नाही. दुसरी, छंद म्हणून चालवली जाणारी. तिचा प्रत्येक भाग सुटा होतो आणि बदलता येतो. जपानमधील शिझुओका येथील टामिया कंपनीने १९७६ मध्ये पोर्शे ९३४ ही आपली पहिली आरसी कार आणली आणि घरी जोडायच्या गाड्यांचा छंद जगभर पसरला. अमेरिकेतील ट्रॅक्सससारख्या कंपन्या १९८०च्या दशकात आल्या, त्यानंतर चिनी कंपन्यांनी हा बाजार मोठा केला. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टसारख्या महोत्सवांतील रिमोट गाड्यांच्या शर्यतींमुळे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हा प्रकार परिचयाचा आहे.

मूळ मोटारीच्या एक दशांश किंवा एक अष्टमांश आकाराची ही गाडी ताशी ४०-५० किलोमीटर वेगाने मुरुमावर उड्या मारते, आदळते, उलटते. धूळ आत जाते, गिअरचे दाते झिजतात, बेअरिंग कोरडी पडतात, डॅम्परमधले तेल गळते. त्यामुळे ती वरचेवर उघडणे हा छंदाचाच भाग ठरतो. एकच स्क्रू वर्षभरात दहा-वीस वेळा काढला आणि बसवला जातो. प्रत्येक वेळी थोडी झीज होते. चुकीच्या हत्याराने केले तर एकाच वेळी सगळी होते.

‘स्क्रू गेला’ म्हणजे नेमके काय जाते?

‘स्क्रू स्लिप होतो’ हा एकच शब्दप्रयोग आपण दोन वेगळ्या बिघाडांसाठी वापरतो. पहिला बिघाड डोक्यात होतो. स्क्रूच्या माथ्यावर हत्यार बसवण्यासाठी फुली किंवा षटकोनी खाच असते. तिचे कोपरे झिजून ती गोल झाली की हत्यार फिरते, स्क्रू जागेवरच राहतो.

दुसरा बिघाड आट्यांचा. कारखान्यातला फिटर ज्याला चुडी म्हणतो ते आटे उखडले की स्क्रू फिरतो, पण पकड घेत नाही. कितीही आवळला तरी घट्ट होत नाही आणि गाडी धावताना गळून पडतो. आरसी कारमध्ये हे बहुतेकदा प्लास्टिकच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भागात घडते, कारण स्क्रू पोलादाचा आणि समोरचा भाग मऊ असतो.

दोन्हींची कारणे वेगळी आहेत. डोके जाते ते चुकीच्या मापामुळे किंवा झिजलेल्या हत्यारामुळे. आटे जातात ते जास्त आवळल्यामुळे किंवा स्क्रू तिरका घातल्यामुळे. आपल्याकडे नेमके काय गेले आहे, हे आधी ओळखले की उपायही सोपा होतो.

छोट्या स्क्रूला हा त्रास अधिक का?

आरसी कारमधला सर्वाधिक वापरला जाणारा स्क्रू ‘एम३’ मापाचा, म्हणजे ३ मिमी व्यासाचा असतो. त्याच्या दोन आट्यांमधले अंतर अवघे अर्धा मिमी. घुमटाकार माथ्याच्या एम३ स्क्रूची षटकोनी खाच २ मिमीची असते. सगळा जोर या २ मिमीच्या सहा कोपऱ्यांवर येतो.

हा जोर किती असावा, याचा अंदाज एका सोप्या हिशेबाने येतो. १० सेंमी लांबीच्या किल्लीच्या टोकावर एक किलो साखरेच्या पिशवीएवढा भार दिला की साधारण एक न्यूटन-मीटर पीळ तयार होतो. चांगल्या पोलादाचा एम३ स्क्रू पोलादात बसवताना एक ते दोन न्यूटन-मीटर पुरेसे असतात. प्लास्टिकमध्ये त्याहून बरेच कमी. याउलट घरात भिंतीला भोक पाडायच्या साध्या १२ व्होल्टच्या कॉर्डलेस ड्रिलचा कमाल जोर २० ते ३० न्यूटन-मीटर असतो. अशा ड्रिलला बिट लावून आरसी कारचे स्क्रू आवळणे म्हणजे ते मोडण्याची तयारी करणे.

याखेरीज कारखान्यात यंत्राने घट्ट आवळलेले स्क्रू, त्यांच्या आट्यांना लावलेला चिकट द्राव आणि खाचेत घट्ट बसलेली माती ही आणखी तीन कारणे. खाचेत माती असेल तर ॲलन की तळापर्यंत जात नाही. ती वरच्या काठावरच टेकते आणि काठ कुरतडते.

फुलीचे स्क्रू सगळे सारखेच असतात का?

नाही, आणि जपानी गाड्यांच्या बाबतीत बहुतेक नुकसान याच गैरसमजातून होते. आपण ज्याला सरसकट ‘फुलीचा’ किंवा ‘स्टार’ स्क्रूड्रायव्हर म्हणतो तो बहुधा फिलिप्स असतो. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याच्या पोर्टलंड शहरातील हेन्री फिलिप्स यांनी १९३६ मध्ये त्याची पेटंट मिळवली. जनरल मोटर्सने कॅडिलॅक गाड्यांच्या जोडणीत तो वापरला आणि पुढे तो सर्वत्र गेला. फिलिप्सच्या खाचेच्या भिंती उतरत्या असतात. त्यामुळे जोर वाढला की हत्यार वर उचलले जाऊन खाचेतून बाहेर निसटते आणि निसटताना कोपरे खरवडते.

जपानी उद्योगात मात्र जेआयएस या तिथल्या मानकाप्रमाणे फुलीची खाच ठेवली जाते. ती फिलिप्ससारखीच दिसते, पण कोपऱ्यांची घडण थोडी वेगळी असते. फिलिप्सचा स्क्रूड्रायव्हर जेआयएस खाचेत पूर्ण बसत नाही. तो अर्धवट अडतो आणि पहिल्याच झटक्याला निसटतो. उलट जेआयएसचा स्क्रूड्रायव्हर फिलिप्सच्या स्क्रूवरही चांगले काम करतो. टामियाच्या गाडीसाठी म्हणूनच व्हेसलसारख्या जपानी बनावटीचा एक स्क्रूड्रायव्हर घेऊन ठेवणे फायद्याचे.

ओळखायचे कसे? जेआयएस स्क्रूच्या माथ्यावर फुलीच्या बाजूला अनेकदा एक बारीक ठिपका असतो. तो सगळ्यांवर असतोच असे नाही. जपानी गाड्यांत ३ मिमीच्या स्क्रूला साधारणपणे २ क्रमांकाचा आणि त्याहून बारीक स्क्रूला १ क्रमांकाचा स्क्रूड्रायव्हर लागतो. ‘जो आत जातो तो चालतो’ ही सवय इथे महागात पडते. २ क्रमांकाच्या खाचेत १ क्रमांकाचा सहज जातो, फिरतो आणि खाच खातो.

ॲलन कीमध्ये मिलिमीटर आणि इंचाचा घोळ काय आहे?

षटकोनी खाचेचा स्क्रू अमेरिकेतील हार्टफर्ड शहरातल्या ॲलन कंपनीने १९१०च्या सुमारास बाजारात आणला. किल्लीला ‘ॲलन की’ हे नाव तिथूनच मिळाले. तिच्या भिंती सरळ असल्याने हत्यार बाहेर ढकलले जात नाही. आज बहुतेक आरसी गाड्यांत हेच स्क्रू असतात. मात्र त्यांचा शत्रू चुकीचे माप.

जपानी, युरोपीय, चिनी आणि हल्लीच्या बहुतांश अमेरिकी गाड्यांत मिलिमीटरची मापे असतात. जुन्या अमेरिकी गाड्यांत इंचाची. इंचातली १/१६ खाच म्हणजे १.५९ मिमी. तिच्यात १.५ मिमीची किल्ली घातली तर ती बसल्यासारखी वाटते. फरक जेमतेम केसाच्या जाडीएवढा असतो. पण जोर देताच किल्ली खाचेच्या सपाट भिंतींऐवजी केवळ कोपऱ्यांना घासते आणि स्क्रू गोल होतो. ३/३२ इंच म्हणजे २.३८ मिमी. ही किल्ली २.५ मिमीच्या खाचेत घातली तर तेच घडते. ५/६४ इंच आणि २ मिमी ही मापे एकमेकांच्या फारच जवळ असल्याने गोंधळ होतो, पण तिथे नुकसान तुलनेने कमी.

आपल्याकडे वर्कशॉपमध्ये आजही ‘सूत’ चालते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. गंमत म्हणजे आरसी कारमधल्या ‘५४०’ आकाराच्या इलेक्ट्रिक मोटरचा दांडा नेमका एक सूत जाडीचा असतो, तर त्याच मोटरचे बसवायचे स्क्रू मिलिमीटरमध्ये. एकाच गाडीत दोन्ही पद्धती नांदतात. त्यामुळे अंदाजावर न जाता माहितीपुस्तिका पाहावी.

कोणत्या स्क्रूला कोणती किल्ली लागते?

हार्डवेअरच्या दुकानात हे स्क्रू ‘ॲलन बोल्ट’, ‘बटन हेड’, ‘सीएसके’ आणि ‘ग्रब’ या नावांनी मिळतात. मापे ठरलेली आहेत, ती मोबाइलमध्ये टिपून ठेवावीत.

– एम३ ग्रब स्क्रू (माथा नसलेला) : १.५ मिमी
– एम३ बटन हेड (घुमटाकार माथा) : २ मिमी
– एम३ सीएसके (चपटा, आत बसणारा माथा) : २ मिमी
– एम३ ॲलन बोल्ट (उभा गोल माथा) : २.५ मिमी
– एम४ ग्रब स्क्रू : २ मिमी
– एम४ बटन हेड आणि सीएसके : २.५ मिमी
– एम४ ॲलन बोल्ट : ३ मिमी

या यादीतून एक गोष्ट लक्षात येते. व्यास सारखाच असूनही उभ्या माथ्याच्या बोल्टला मोठी आणि खोल खाच मिळते, बटन हेड आणि सीएसकेला लहान आणि उथळ. म्हणूनच हे दोन प्रकार लवकर स्लिप होतात. जिथे जागा आहे आणि माथा वर आलेला चालतो, तिथे बटन हेडच्या जागी ॲलन बोल्ट वापरला तर निम्मा त्रास संपतो.

सर्वांत नाजूक आहे तो ग्रब स्क्रू. मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर, म्हणजे पिनियन, याच स्क्रूने धरलेला असतो. खाच सर्वांत लहान आणि जबाबदारी सर्वांत मोठी. तो बसवताना दांड्याच्या सपाट बाजूवर टेकेल असा बसवावा. गोल बाजूवर टेकवला तर तो सैल होतो, मग जास्त आवळला जातो आणि खाच जाते. ग्रब स्क्रू जुना वाटला तर पुन्हा न वापरता सरळ नवा घालावा.

हत्यार निवडताना काय पाहावे?

स्वस्त किल्लीचे पोलाद मऊ असते. तिचे कोपरे आधी झिजतात आणि मग ती स्क्रूचे कोपरे झिजवते. म्हणजे स्क्रू जाण्याची सुरुवात हत्यारापासून होते. किल्लीचे टोक उजेडात धरून पाहावे. कडा चकाकत गोल दिसू लागल्या किंवा टोक पिळल्यासारखे वाटले, तर ती बाद करावी. ‘एल’ आकाराच्या साध्या किल्लीचे झिजलेले टोक कानशीने किंवा ग्राइंडरवर दोन-तीन मिमी सरळ कापले, तर आतला कोरा षटकोन मिळतो. कापताना टोक तापून निळे पडू देऊ नये, पोलाद मऊ पडते.

सगळा संच घ्यायची गरज नाही. १.५, २ आणि २.५ मिमी ही तीन मापे चांगल्या प्रतीची, सरळ दांड्याची आणि मुठीची घेतली की बहुतेक काम होते. गोल टोकाची, म्हणजे ‘बॉल एंड’ किल्ली तिरक्या कोनातून स्क्रूपर्यंत पोहोचण्यासाठी सोयीची असते. मात्र तिची पकड अगदी कमी जागेवर असते. सैल झालेला स्क्रू भराभर काढायला ती वापरावी. पहिला झटका किंवा शेवटचे आवळणे तिने करू नये.

स्क्रूच्या बाबतीत माथ्यावरचे किंवा पाकिटावरचे आकडे उपयोगी पडतात. १२.९ प्रतीचे काळे पोलाद प्रति चौरस मिमी १२०० न्यूटन ताण सोसते, १०.९ प्रतीचे सुमारे १०००, तर ए२-७० प्रतीचे स्टेनलेस ७००. गाडीसोबत आलेले मऊ स्क्रू टप्प्याटप्प्याने बदलावेत. अनब्राकोसारख्या नावाजलेल्या कंपनीचे एम३ स्क्रू मुंबईत नागदेवी स्ट्रीटवरच्या दुकानांत मिळू शकतात. तुर्भे, महापे, रबाळे या औद्योगिक पट्ट्याला माल पुरवणाऱ्या दुकानांतही विचारून पाहावे. वेष्टनातल्या ‘आरसी स्क्रू सेट’पेक्षा सुटे स्क्रू बहुधा स्वस्त पडतात.

स्क्रू काढण्याची योग्य पद्धत कोणती?

बॅटरी आधी काढून बाजूला ठेवावी. मग जुन्या टूथब्रशने गाडी झाडावी आणि प्रत्येक खाचेतली माती दाभणाने किंवा टाचणीने काढावी. यात पाच मिनिटे जातात, पण सर्वाधिक स्क्रू यामुळेच वाचतात.

किल्ली खाचेत सरळ उभी धरून तळापर्यंत दाबावी. ती हलवून पाहावी. डगमगली तर माप चुकले आहे. गाडी मांडीवर न धरता टेबलावर टेकवावी. खाली दाबण्याचा जोर फिरवण्याच्या जोरापेक्षा जास्त असावा. फुलीच्या स्क्रूबाबत हे विशेष महत्त्वाचे. आधी क्षणभर घट्ट करण्याच्या दिशेने किंचित ताण द्यावा, मग उलट फिरवावे. अडकलेले आटे त्यामुळे सुटतात.

तरीही हलला नाही तर थांबावे. अशा वेळी स्क्रूला बहुधा चिकट द्राव लावलेला असतो. सोल्डरिंग आयर्नचे तापलेले टोक स्क्रूच्या माथ्यावर अर्धा मिनिट टेकवले की तो मऊ पडतो. शेजारी प्लास्टिक असेल तर वेळ कमी ठेवावी.

चाकांचा कोन बदलणाऱ्या टर्नबकल या सळईच्या एका टोकाला उलटे आटे असतात. तिथे ‘उजवीकडे घट्ट, डावीकडे सैल’ हा नियम एका बाजूला लागू होत नाही. दिशा न पाहता जोर लावला तर प्लास्टिकचे आटे जातात.

काढलेले स्क्रू अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवावेत. लांबीची अदलाबदल धोक्याची असते. मोटर बसवायच्या जागी गरजेपेक्षा लांब स्क्रू गेला तर तो आतल्या तांब्याच्या तारांना टेकून मोटर जाळू शकतो.

बसवताना आटे कसे वाचवावेत?

प्लास्टिकमध्ये स्क्रू पहिल्यांदा जातो तेव्हा तो स्वतःचे आटे पाडतो. पुढच्या वेळी त्याच आट्यांत तो जायला हवा. त्यासाठी स्क्रू भोकावर ठेवून आधी उलटा, डावीकडे फिरवावा. एका जागी तो ‘टक्’ करून किंचित खाली बसतो. तिथे जुन्या आट्यांची सुरुवात असते. आता सरळ फिरवावे. असे न करता थेट आवळले की तो शेजारी नवे आटे पाडतो. दोन-तीन वेळा असे झाले की भोक गुळगुळीत होते.

मुठीऐवजी किल्ली अंगठा आणि दोन बोटांनी धरावी. माथा भागाला टेकला की साधारण आठवा हिस्सा फेरा पुरे. एकाच भागाला चार स्क्रू असतील तर समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत. प्लास्टिकसाठी लांब अंतराच्या आट्यांचे आणि धातूसाठी बारीक आट्यांचे स्क्रू वेगळे असतात, ते एकमेकांच्या जागी घालू नयेत.

लॉकटाइट निळे की लाल?

गाडीच्या कंपनांनी धातूत बसवलेले स्क्रू सैल होतात. त्यावर उपाय म्हणून आट्यांना चिकट द्राव लावतात. ॲलन किल्लीच्याच हार्टफर्ड शहरात ट्रिनिटी कॉलेजचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रिबल यांनी १९५३ मध्ये तो विकसित केला आणि लॉकटाइट हे नाव त्यातून रूढ झाले. हवा नसेल आणि धातूचा स्पर्श असेल तरच तो घट्ट होतो. बाटलीत तो पातळ राहतो तो याच कारणाने.

निळ्या रंगाचा मध्यम ताकदीचा. तो साध्या हत्याराने निघतो. लाल रंगाचा कायमच्या जोडासाठी. तो सोडवायला सुमारे २५० अंश सेल्सियसपर्यंत तापवावे लागते. आरसी कारमध्ये लाल वापरू नये. निळ्याचाही एक थेंब आणि तोही आट्यांच्या टोकाला पुरे. त्याआधी आट्यांवरचे तेल पुसावे. पूर्ण घट्ट व्हायला २४ तास द्यावेत.

प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला मात्र तो अजिबात लावू नये. काही प्रकारच्या प्लास्टिकला, विशेषतः पारदर्शक पॉलिकार्बोनेटला, त्याने तडे जातात.

नवी मुंबईच्या पावसाळ्यात वेगळे काय करावे?

इथल्या हवेत जून ते सप्टेंबर कमालीची आर्द्रता असते आणि खाडीकाठच्या भागात क्षारही. मजबूत काळे स्क्रू लवकर गंजतात. गंज खाचेत साचला की किल्ली पूर्ण जात नाही, आट्यांत साचला तर स्क्रू जाम होतो. स्टेनलेस गंजत नाही, पण ते मऊ असल्याने खाच लवकर जाते. शिवाय ॲल्युमिनियमच्या भागात स्टेनलेस स्क्रू आणि खारट ओलावा एकत्र आले की ॲल्युमिनियम पांढरे पडून फुगते आणि स्क्रू धरून ठेवते.

यावर व्यवहार्य तोडगा असा : जास्त जोराच्या जागी काळे १२.९ प्रतीचे स्क्रू, बॉडी किंवा बॅटरीच्या झाकणासारख्या हलक्या जागी स्टेनलेस. ओल्या मैदानावर गाडी चालवली तर त्याच दिवशी ती पुसून, पंख्याखाली वाळवून स्क्रूंच्या माथ्यावर पाणी हटवणारा फवारा किंवा शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब द्यावा. पावसाळ्यात गाडी ठेवूनच द्यायची असेल तर दर महिन्याला पिनियनचा ग्रब स्क्रू आणि चाकांचे नट एकदा सैल करून पुन्हा बसवावेत. ऑक्टोबरमध्ये ते काढताना होणारी झटापट टळते.

स्क्रू गेलाच तर काय करावे?

सौम्य उपायांपासून सुरुवात करावी. खाचेवर रुंद रबर बँड ठेवून त्यावरून किल्ली दाबून फिरवावी. फुलीच्या खाचेत व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावल्यास पकड वाढते. ती वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळते. माथा वर असेल तर पक्कडीने बाहेरून धरून फिरवता येतो. षटकोनी खाच गोल झाली असेल तर किंचित मोठा, सहा पाकळ्यांचा टॉर्क्स बिट हलक्या हातोडीने ठोकून बसवावा आणि फिरवावा. ग्रब स्क्रूसाठी हा उपाय बऱ्याचदा लागू पडतो.

तेही नाही जमले तर माथ्यावर बारीक कटरने आडवी खाच पाडून सपाट स्क्रूड्रायव्हर वापरता येतो. शेवटचा मार्ग ड्रिलचा. ३ मिमीच्या बिटने माथा उडवला की भाग सुटतो आणि उरलेला दांडा पक्कडीने निघतो. कटर आणि ड्रिल चालवताना डोळ्यांवर गॉगल हवाच. लहान मुलांच्या हाती हे काम देऊ नये. लिथियम बॅटरी जवळ असताना तर कापणे किंवा तापवणे टाळावेच.

प्लास्टिकमधले आटे गेले असतील तर थोडा लांब स्क्रू अनेकदा नवी पकड घेतो. तो नसेल तर भोकात टूथपिकचा तुकडा आणि फेविक्विकचा थेंब घालून पूर्ण वाळू द्यावा, मग त्यात स्क्रू हळूहळू फिरवावा. ॲल्युमिनियममध्ये ३.३ मिमीचे भोक पाडून एम४चे नवे आटे पाडता येतात. टॅप नसेल तर जवळच्या लेथच्या वर्कशॉपमध्ये हे काम होऊ शकते.

एका स्क्रूची एवढी चिंता का?

कारण सुटे भाग मिळणे सोपे नाही. छंदाच्या बहुतेक आरसी गाड्या आयात होतात. केंद्र सरकारने खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के केले. खेळण्यांसाठीचा गुणवत्ता नियंत्रण आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. देशी खेळणी उद्योगाला त्याचा आधार मिळाला, पण आयात गाडी आणि तिचे भाग महागले. एका ग्रब स्क्रूपायी पिनियन अडकला, तो काढताना मोटरचा दांडा वाकला, तर खर्च काही रुपयांवरून काही हजारांवर जातो आणि भाग यायला आठवडे लागतात.

ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा अधिकार’ या विषयावर समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू झाले. त्यात शेती उपकरणे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने यांवर भर आहे. छंदाच्या गाड्या त्या यादीत नाहीत. इथे दुरुस्तीची जबाबदारी मालकाकडेच राहते. त्यासाठी लागणारी सामग्री मात्र आवाक्यातली आहे : तीन मापांच्या चांगल्या किल्ल्या, जपानी गाडी असल्यास एक जेआयएस स्क्रूड्रायव्हर, निळ्या द्रावाची छोटी बाटली, एक टूथब्रश आणि एम३ स्क्रूंची एक डबी. पुढची दुरुस्ती सुरू करण्याआधी डबीतले ग्रब स्क्रू मोजून घ्यावेत. बहुधा तेच आधी संपतात.